रिक्रुटिंग टेक स्टार्टअपमधली नोकरी, आतून बघितलेली: ऑफर स्वीकारायच्या आधी वाचा

सरळ मुद्द्यावर येते. रिक्रुटिंगचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहान, अगदी नव्या कंपनीत मी कस्टमर सक्सेसला होते, म्हणजे क्लायंटला सॉफ्टवेअर नीट सुरू करून देणं आणि वापरताना मदत करणं. नाव देत नाहीये, कारण माझे बरेच सहकारी अजून तिथेच आहेत आणि कोणाला अडचणीत आणायचं नाही. पण अशा कंपनीची ऑफर हातात असलेले लोक सारखे विचारतात, जाऊ का नको जाऊ, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. पाचपैकी चार स्टार. चार का आणि पाचवा का नाही ते पुढे येईलच, थोडं लांबलंय पण घाईत निर्णय घेणाऱ्यांनी तरी पूर्ण वाचा.

ज्यांना हे फील्ड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या कंपनीच्या करिअर पेजवर तुम्ही फॉर्म भरता, रेझ्युमे अपलोड करता, तो जिथे जाऊन पडतो त्याला एटीएस म्हणतात, म्हणजे ॲप्लिकंट ट्रॅकिंग सिस्टीम. तिथून रिक्रुटर अर्ज बघतो, पुढच्या स्टेजला ढकलतो, इंटरव्ह्यू लावतो, फीडबॅक गोळा करतो, ऑफर पाठवतो. आम्ही हेच बनवायचो, सोबत शेड्युलिंग आणि कँडिडेट शोधून त्यांना मेल पाठवायचं टूल. फील्ड काही नवीन नाही, मॉन्स्टर ही नोकऱ्यांची साइट १९९४ मध्ये आली, लिंक्डइन २००३ मध्ये, आणि मोठ्या कंपन्यांनी यात किती पैसा ओतलाय ते बघा, ओरॅकलने २०१२ मध्ये टॅलिओ ही असंच सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी साधारण १.९ अब्ज डॉलरला घेतली आणि मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये लिंक्डइन २६.२ अब्ज डॉलरला. मग नव्या लहान कंपनीकडे गिऱ्हाईक येतं कुठून? तर जुन्या सिस्टीमला वैतागलेल्या लोकांमधून. त्यामुळे इथली अर्धी नोकरी म्हणजे मायग्रेशन, जुन्या सिस्टीममधली माहिती नव्यात आणणं. जुन्या सिस्टीममधून एक भलीमोठी सीएसव्ही (साध्या तक्त्याची फाइल) येते, रेझ्युमे वेगळ्या झिपमध्ये येतात, फाइलच्या नावात नुसते आयडी, इंटरव्ह्यूच्या नोट्स अर्ध्या गायब, आणि स्टेजची नावं प्रत्येक टीमने आपापल्या मनाने ठेवलेली. हे सगळं जुळवत बसायची तयारी नसेल तर इथे येऊ नका, कारण टायटल काहीही असलं तरी कधी ना कधी ते तुमच्या टेबलावर येणारच.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. या धंद्यात पैसे देणारा एक, रोज वापरणारा दुसरा, आणि ज्याच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे तो तिसराच असतो. पैसे एचआरचा हेड देतो, दिवसभर स्क्रीनसमोर रिक्रुटर बसतो, हायरिंग मॅनेजर कंटाळत कंटाळत लॉगिन करतो, आणि कँडिडेट? त्याला या सगळ्यात काहीच से नाही. तो आपला कस्टमर नाही, त्याने आपल्याला निवडलेलं नाही, त्याला आपलं नावही माहीत नसतं, पण आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काही गडबड झाली तर सगळ्यात जास्त त्यालाच भोगावं लागतं. अशा कंपनीत तुमचा रोजचा दिवस कसा जाणार हे पगार, टायटल, ऑफिस यापेक्षा याच्यावर जास्त ठरतं की कंपनी या तिसऱ्या माणसाला कसं वागवते. मी हे अनुभवाने सांगतेय, चार स्टारपैकी तीन तरी यासाठीच आहेत.

आमच्याकडे एक नियम होता. कँडिडेटकडून येणारे मेल एका वेगळ्या इनबॉक्समध्ये यायचे आणि त्याला उत्तरं द्यायची पाळी सगळ्यांना लागायची, म्हणजे खरोखर सगळ्यांना, दोन्ही फाउंडर, डेव्हलपर, सेल्स, डिझायनर, अकाउंट्स बघणारी मुलगीसुद्धा. या क्षेत्रात सहसा असं उत्तर मिळतं की आम्ही फक्त सॉफ्टवेअर पुरवतो, तुम्ही संबंधित कंपनीशी संपर्क साधा, बास. आम्हाला तसं उत्तर द्यायची परवानगीच नव्हती. अर्जाचा निकाल आपल्या हातात नसतो हे खरं, पण अर्ज पोचलाय का, फाइल उघडते का, इंटरव्ह्यूची लिंक चालते का, एवढं तर बघून सांगता येतं. जॉईन झाल्या झाल्या मला हे ओझं वाटलं होतं, आपलं ऑनबोर्डिंगचं, म्हणजे नव्या क्लायंटना सुरू करून द्यायचं काम साचलेलं असताना अनोळखी माणसांच्या मेलना काय उत्तरं देत बसायचं, पण महिन्याभरात कळलं की प्रॉडक्टबद्दल जे काही खरं कळतं ते इथेच कळतं.

एक उदाहरण देते. आमच्या एका क्लायंटकडे एक जागा भरली गेली, मग रिक्रुटरने त्या जागेसाठीचे उरलेले सगळे कँडिडेट एकत्र सिलेक्ट केले आणि रिजेक्ट दाबलं. त्याच्या बाजूने बघितलं तर चूक काहीच नाही, जागा भरली, बाकीच्यांना कळवायला हवं. पण त्या यादीत असेही लोक होते ज्यांचा दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू ठरलेला होता. त्यातल्या एकाचा मेल आला, अगदी शांत भाषेत लिहिलेला, की मला आत्ता नकाराचा मेल आला पण उद्याच्या इंटरव्ह्यूचं इन्व्हाइट माझ्या कॅलेंडरवर अजून तसंच आहे, मी सुट्टी काढलेली आहे, नक्की काय समजू. त्या दिवशी इनबॉक्सची पाळी एका बॅकएंड डेव्हलपरची होती. त्याने तो मेल वाचला आणि त्या आठवड्याचं ठरलेलं काम बाजूला ठेवून तीन गोष्टी बनवल्या. एकगठ्ठा रिजेक्ट करताना ज्यांचा इंटरव्ह्यू पुढे लागलेला आहे त्यांची नावं वर लाल रंगात दिसायला लागली, नकाराचा मेल लगेच न जाता काही तास थांबायला लागला म्हणजे रिक्रुटरला तो मागे घेता येईल, आणि तो निघाला की कॅलेंडरचं इन्व्हाइट आपोआप रद्द व्हायला लागलं. हे फीचर कुठल्याच क्लायंटने मागितलं नव्हतं, सेल्सच्या कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. फाउंडरने स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, फक्त एवढं विचारलं की हे आधीच्या मेलनाही लागू करता येईल का. अशा ठिकाणी काम करायला माणसाला बरं वाटतं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

रेझ्युमे पार्सरवर, म्हणजे रेझ्युमे वाचून त्यातली माहिती रकान्यांत भरणाऱ्या प्रोग्रॅमवर, तर मी तासभर बोलू शकते. बाहेर लोकांचा समज असा असतो की एटीएस नावाचा एक रोबो बसलाय आणि तो रेझ्युमे फेकून देतो. बहुतेक सिस्टीम स्वतःहून कोणाला बाद करत नाहीत, बाद करतात ते फॉर्ममधले नॉकआउट प्रश्न (ठरावीक उत्तर नसेल तर अर्ज तिथेच बाद), आणि ते प्रश्न माणसानेच लावलेले असतात, किंवा मग अर्ज इतके येतात की खालचे कोणी उघडतच नाही. पण पार्सर गोंधळ घालतो हे मात्र शंभर टक्के खरं. पीडीएफमध्ये परिच्छेद वगैरे असं काही असेलच याची खात्री नसते, पानावर कुठल्या जागी कुठलं अक्षर एवढीच माहिती बऱ्याचदा असते, वाचायचा क्रम पार्सरने अंदाजाने लावायचा. त्यामुळे दोन कॉलमचा देखणा रेझ्युमे आला की डावीकडची स्किल्स आणि उजवीकडची नोकरी एकाच ओळीत मिसळतात. वर मोठ्या अक्षरात करिक्युलम व्हिटे लिहिलं असेल तर माणसाचं नावच करिक्युलम आणि आडनाव व्हिटे म्हणून सेव्ह होतं, असे कितीतरी रेकॉर्ड मी हाताने दुरुस्त केलेत. स्कॅन केलेला फोटो असेल तर त्यात टेक्स्टच नसतो. ०५/०६/२०१९ ही तारीख ५ जून की ६ मे, हे देशावर अवलंबून. आणि आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवणं हा तर मला अन्यायच वाटतो, जगात कितीतरी लोक एकच नाव लावतात, ते बिचारे तिथे एक टिंब टाकतात आणि मग त्यांना मेल जातो, प्रिय टिंब. आमच्या डिझायनरने इनबॉक्सच्या पाळीत असा एक मेल बघितला आणि तो रकाना ऐच्छिक करून घेईपर्यंत शांत बसली नाही. म्हणून कोणीही विचारलं तर मी सांगते, रेझ्युमे एका कॉलममध्ये ठेवा, टेक्स्टवाली पीडीएफ द्या, महिना अक्षरात लिहा. सुंदर टेम्प्लेटवर पैसे घालवू नका.

शेड्युलिंगचं काम बाहेरून अगदी साधं दिसतं, दोन कॅलेंडर जुळवायची, त्यात काय. मार्च आला की कळतं. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि युरोप शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे नेहमीचा फरक एक तासाने बदलतो, आणि ऑक्टोबरअखेर परत तोच घोळ, युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतो आणि अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. ज्या सिस्टीममध्ये कोणीतरी नुसता तासांचा फरक सेव्ह करून ठेवलेला असतो तिथे इंटरव्ह्यू घेणारा एक तास आधी येऊन बसतो किंवा कँडिडेट एक तास उशिरा, आणि कँडिडेटबद्दल फीडबॅकमध्ये लिहिलं जातं की वेळेवर आला नाही. हे वाचून खरंच जीव तुटायचा. आमच्याकडे मग तासांच्या फरकाऐवजी झोनचं नाव साठवायला सुरुवात झाली, युरोप/बर्लिन असं, म्हणजे घड्याळ बदललं तरी हिशोब बरोबर राहतो. तरीही त्या आठवड्यांमध्ये सपोर्टला जास्तीची माणसं बसवायला लागायची आणि सुट्टी मागायची तर जरा विचार करूनच मागायची, हे आधी माहीत असलेलं बरं.

मेलचा विषय निघालाच आहे तर तेही. आमच्या टूलमधून रिक्रुटर लोक अनोळखी माणसांना ओळीने मेल पाठवायचे, पहिला, मग आठवण, मग शेवटची आठवण. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने एकगठ्ठा मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले, एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच डोमेनवरून आलाय हे तपासायच्या सोयी) नीट लावलेलं हवं, प्रमोशनल मेलमधून एका क्लिकमध्ये बाहेर पडता आलं पाहिजे, आणि स्पॅमची तक्रार ०.३ टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. म्हणजे हजार लोकांमधल्या तिघांनी स्पॅम दाबलं की तुम्ही रेषेवर. आणि एका हावरट क्लायंटमुळे डोमेनची, म्हणजे मेल पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाची, पत गेली की बाकीच्या क्लायंटच्या इंटरव्ह्यूची इन्व्हाइट्ससुद्धा स्पॅममध्ये जाऊन पडतात, कोणाची तरी नोकरी तिथेच हुकते. यावरून सेल्स आणि आमच्यात कडाक्याचे वाद झाले, कारण जो क्लायंट जास्त मेल पाठवतो तोच जास्त पैसे देतो. शेवटी इंटरव्ह्यूचे मेल आणि शोधाशोधीचे मेल वेगळ्या डोमेनवरून पाठवायचं ठरलं आणि दिवसाच्या मेलवर मर्यादा आली. एक क्लायंट त्यावरून सोडून गेला. जाऊ दिला, हे मला आवडलं.

एआयबद्दल सगळेच विचारतात. हो, रेझ्युमेला मार्क देणारं मॉडेल लावायचा आग्रह आमच्याकडेही प्रचंड होता, प्रत्येक डेमोमध्ये पहिला प्रश्न तोच. आणि माझ्या मते अशी कंपनी चांगली की वाईट हे याच ठिकाणी कळतं. ॲमेझॉनचं प्रकरण बऱ्याच जणांना माहीत असेल, २०१८ मध्ये रॉयटर्सने बातमी दिली होती, त्यांनी आतल्या आत एक टूल बनवायला घेतलं होतं, ते आधीच्या दहा वर्षांच्या रेझ्युमेंवर शिकवलं, आणि आधीचे रेझ्युमे बहुतेक पुरुषांचे असल्यामुळे ते महिलांचा उल्लेख असलेल्या रेझ्युमेंना खाली टाकायला शिकलं, शेवटी ते सोडून द्यावं लागलं. एवढी मोठी कंपनी, एवढे इंजिनियर, त्यांना जमलं नाही, आणि आपण चार जण तीन आठवड्यात करून देतो असं सेल्सच्या कॉलवर कोणी बोलायला लागलं की माझ्या पोटात गोळा यायचा. आणि असंही नाही की माणूस निवडतो तेव्हा सगळं बरोबरच असतं. २००४ मध्ये मरियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लयनाथन यांचा अभ्यास आला होता, बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना साधारण ५,००० रेझ्युमे पाठवले, मजकूर सारख्याच तोडीचा, फक्त नावं गोऱ्या किंवा कृष्णवर्णीय वाटतील अशी, तर गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त कॉल आले. म्हणजे मशीन जे शिकतं ते आपल्याकडूनच शिकतं.

आमच्या टीमने शेवटी मार्क देणारं मॉडेल केलंच नाही, त्याऐवजी पहिल्या फेरीत नाव, फोटो, वय झाकायची सोय केली आणि निवडीचे आकडे दाखवणारा एक रिपोर्ट. तो रिपोर्ट चार-पंचमांश, म्हणजे ८० टक्क्यांच्या नियमावर होता, अमेरिकेत १९७८ पासून वापरात असलेला साधा नियम आहे. समजा १०० पुरुषांनी अर्ज केला आणि ५० पुढे गेले, १०० बायकांनी केला आणि ३० पुढे गेल्या. ३० ला ५० ने भागा, ६० टक्के आलं, ८० च्या खाली आहे, म्हणजे थांबा आणि बघा काय चाललंय. एवढंच. यात लगेच गुन्हा सिद्ध होत नाही, पण प्रश्न तर विचारला जातो. काही क्लायंटना हा रिपोर्ट अजिबात नको होता, बटण लपवा म्हणाले. पण कायदाही हळूहळू त्याच दिशेने चाललाय, न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून नोकरीच्या निर्णयात असं ऑटोमॅटिक टूल वापरायचं तर दरवर्षी स्वतंत्र बायस ऑडिट (टूल भेदभाव करतं का याची तपासणी) लागतं आणि कँडिडेटला आधी कळवावं लागतं, आणि युरोपियन युनियनचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये लागू झाला त्यात भरतीसाठीचं एआय थेट जास्त जोखमीच्या यादीत टाकलंय. त्यामुळे कंपनीत जाणार असाल तर हे कायदे वाचून जा, आमच्याकडे कायद्याचा वेगळा माणूस नव्हता, क्लायंटच्या वकिलांचे शंभर प्रश्नांचे फॉर्म मीच भरायचे. तसंच डेटा डिलीट करायचं. युरोपच्या जीडीपीआर या डेटाच्या कायद्याखाली, म्हणजे मे २०१८ पासून, कँडिडेट म्हणू शकतो की माझी माहिती काढून टाका आणि सहसा एका महिन्यात उत्तर द्यावं लागतं. बटण दाबलं की झालं असं नसतं. रेझ्युमे काढला, पण इंटरव्ह्यूच्या नोट्स? रिक्रुटरला गेलेल्या मेलमधली कॉपी? कोणीतरी लॅपटॉपवर उतरवून घेतलेली शीट? बॅकअप? एक एक धागा शोधत बसायला लागतं. कंटाळवाणं आहे आणि तरीही मी ते मन लावून करायचे, कारण दुसऱ्या बाजूला कोणीतरी आहे ज्याला आपलं जुनं आयुष्य कुणाच्या तरी सर्व्हरवर पडून राहायला नकोय.

आता तक्रारी. पहिली, आम्ही जगाला नीट भरती कशी करायची ते विकत होतो आणि स्वतःची भरती मात्र बराच काळ गप्पांवर चालायची. माझाच इंटरव्ह्यू म्हणजे फाउंडरबरोबर मारलेल्या मनमोकळ्या गप्पा होत्या. प्रॉडक्टमध्ये स्कोअरकार्ड (ठरलेल्या निकषांवर मार्क द्यायचा तक्ता) होतं, ठरलेले प्रश्न होते, आणि आम्ही स्वतः ते वापरत नव्हतो, का तर वेळ नाही. संशोधन तर स्पष्ट आहे, १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता, २०२२ मध्ये सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते आकडे परत तपासले, आणि त्यात सगळ्यात वर आला तो सगळ्यांना तेच प्रश्न आणि त्याच निकषावर मार्क असा स्ट्रक्चर्ड इंटरव्ह्यू, नुसती अनुभवाची वर्षं मोजणं तर फारच खाली. हे आमच्याच ब्लॉगवर आम्ही लिहिलेलं होतं! मी आणि आणखी दोघींनी मिळून हा विषय लावून धरला तेव्हा कुठे आमचेही इंटरव्ह्यू स्कोअरकार्डवर व्हायला लागले, आणि त्यानंतर टीममध्ये एकाच साच्याची माणसं येणं कमी झालं, हा फरक डोळ्याने दिसला.

दुसरी तक्रार, आणि पाचवा स्टार इथेच गेला. या धंद्याचं उत्पन्न दुसऱ्यांच्या भरतीवर चालतं. बाजार चांगला असला की सगळ्यांना सीट्स, म्हणजे माणशी लायसन्स, हव्या असतात, आणि जरा मंदी आली की क्लायंट सगळ्यात आधी आपले रिक्रुटर काढतो, मग ते ज्या लायसन्सवर बसायचे ती लायसन्स काढतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११,००० लोकांना काढलं तेव्हा झुकरबर्गच्या पत्रातच होतं की रिक्रुटिंगवाल्यांना जास्त फटका बसेल, कारण पुढच्या वर्षी कमी माणसं घ्यायची आहेत. तसं सगळीकडेच झालं. आमच्या रिन्युअलच्या (करार पुढे चालू ठेवायच्या) कॉलवर समोर नेहमीचा माणूसच नसायचा, त्याचीच नोकरी गेलेली असायची, आणि त्याच्या जागी फायनान्सचा कोणीतरी, ज्याला एवढंच बघायचंय की किती कापता येईल. त्या काळात एक मोठा क्लायंट उरला होता आणि मग काय, तो म्हणेल तसं. त्याच्या अप्रूव्हलच्या सात पायऱ्या, त्याचे खास फॉर्म, त्याच्या जुन्या पेरोलशी जोडणी. रोडमॅप, म्हणजे पुढे काय बनवायचं त्याचा आराखडा, नावालाच उरला, डेव्हलपर रात्री जागून अशी फीचर्स बनवायचे जी बाकी कोणी कधीच वापरणार नव्हतं. आणि त्याच सुमारास कँडिडेट इनबॉक्सची पाळी बंद करून ते काम एका काँट्रॅक्टवरच्या मुलीला दिलं गेलं, सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून. मला हे पटलं नाही, मी तसं मीटिंगमध्ये बोलले, एचआरला नाही, फाउंडरलाच. त्यांनी ऐकून घेतलं पण बदललं नाही. पुढच्या काही महिन्यांत प्रॉडक्टमध्ये ज्या चुका शिरल्या त्या सगळ्या अशा होत्या ज्या पाळीवर बसलेल्या कोणालाही पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या. तीनशे शब्दांचा सक्तीचा निबंध मागणारा फॉर्म मोबाईलवर टाइप करता करता रिकामा व्हायचा, आणि हे आम्हाला क्लायंटकडून कळलं, तेही बऱ्याच उशिरा, त्यांच्याकडे अर्ज का कमी येतायत म्हणून त्यांनी विचारल्यावर. त्यानंतर पाळी परत सुरू झाली, पण फाउंडर त्यात नव्हते.

एक गोष्ट मात्र त्यांनी त्या वाईट काळात चांगली केली, दर महिन्याला सगळ्यांसमोर किती महिन्यांचे पैसे उरलेत तो आकडा दाखवायचे, काही न लपवता. लोकांना काढायची वेळ आली तेव्हा कोणाला मेलवरून कळलं नाही, समोर बसवून सांगितलं आणि पुढच्या नोकरीसाठी स्वतः फोन केले. रिक्रुटरांच्या ओळखी असलेल्या कंपनीत एवढा फायदा तर मिळायलाच हवा, आणि मिळाला.

बाकीचं पटकन. काम भरपूर, शनिवार-रविवार शक्यतो मोकळे पण मोठ्या क्लायंटचं गो-लाइव्ह (सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होणं) असेल तर विसरा. शिकायला प्रचंड मिळतं, मी आले तेव्हा मला एपीआय (दोन सॉफ्टवेअरना एकमेकांशी बोलायची सोय) म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं, निघताना मी वेबहूकचे (एका सिस्टीमने दुसरीला आपोआप पाठवलेल्या निरोपांचे) लॉग वाचून डेव्हलपरला सांगायचे की मेल कुठे अडकलाय. पगार बाजारापेक्षा थोडा कमी, त्याबदल्यात ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या भावात विकत घ्यायचा हक्क. त्याचं गणित नीट समजून घ्या, सहसा चार वर्षांत मिळतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही, आणि सोडल्यावर ते विकत घ्यायला किती दिवस देतात ते लिहून घ्या, बऱ्याच ठिकाणी नव्वद दिवसच असतात आणि तेवढ्यात पैसे उभे करणं सगळ्यांना जमत नाही. मी ते शेअर शून्य धरूनच हिशोब केला होता, तुम्हीही तसाच करा.

वातावरणाबद्दल, सगळे एकेरीत बोलतात, वरिष्ठ-कनिष्ठ असं फार नाही, फाउंडरला थेट सांगता येतं की हे चुकतंय. ज्यांना ठरलेलं काम, ठरलेली चौकट लागते त्यांना त्रास होईल. ज्यांना स्वतः नोकरी शोधताना उत्तर न आल्याचा त्रास झालाय आणि ते डोक्यातून गेलेलं नाही, अशी माणसं इथे सगळ्यात चांगलं काम करतात, हे माझं निरीक्षण आहे.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा हे विचारा: कँडिडेटची तक्रार कोण वाचतं, शेवटची कधी वाचली, आणि त्यावरून प्रॉडक्टमध्ये काय बदललं. फाउंडरलाच विचारा, एचआरला नाही. सगळ्यात मोठ्या क्लायंटकडून किती टक्के उत्पन्न येतं तेही विचारा, आकडा सांगणार नसतील तर निदान निम्म्याच्या वर आहे का एवढं तरी कळू द्या. आणि ऑफर सही करायच्या आधी त्यांच्या एखाद्या क्लायंटच्या करिअर पेजवर जा, मोबाईलवरून, आणि शेवटच्या बटणापर्यंत फॉर्म भरून बघा, सबमिट करू नका, तिकडे खरी माणसं बसलेली असतात. रेझ्युमे अपलोड केल्यावर तेच सगळं परत टाइप करायला लावतात का, आडनावाशिवाय पुढे जाता येतं का, मध्ये कॉल आला आणि परत आलात तर भरलेलं टिकतं का, मदतीची लिंक कुठे आहे आणि ती दाबल्यावर माणसाचा पत्ता मिळतो का नुसतं एक पान. एवढं बघायला अर्धा तास पुरतो.